हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्येष्ठांचं भान आणि स्मरण: घरच्यांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया नीट पार पडते, टाके भरून येतात, हृदयाचे रिपोर्ट चांगले येतात, आणि तरी घरी आलेलं माणूस पहिल्यासारखं वाटत नाही. तेच तेच विचारतात, वाक्य अर्ध्यात सोडतात, रात्री जागतात, दिवसा पेंगतात, वर्तमानपत्राचं एकच पान तासभर धरून बसतात. अशा वेळी घरचे बहुतेकदा दोनपैकी एक चूक करतात. काही जण आज सकाळी अचानक सुरू झालेल्या गोंधळालाही ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. काही जण हळूहळू ओसरत चाललेला मंदपणा पाहून ‘आता हे असंच राहणार’ म्हणतात आणि हात टेकतात. पहिली चूक जिवावर बेतू शकते. दुसरीने बरं होऊ शकणारं माणूस खचतं.

म्हणून प्रत्येक वेळी आधी एकच प्रश्न विचारायचा: हा बदल अचानक झाला की हळूहळू? काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला बदल म्हणजे शरीरात काहीतरी बिघडलंय असं धरून चाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आठवड्यांच्या हिशेबाने चाललेला बदल लिहून ठेवा आणि त्याला वेळ द्या. पुढचे सगळे टप्पे या फरकावर उभे आहेत.

## टप्पा १: शस्त्रक्रियेआधीची स्थिती लिहून काढा

ही पायरी जवळजवळ सगळ्यांकडून सुटते. नंतर डॉक्टर विचारतात, “आधी असं व्हायचं का?” आणि तीन भावंडं तीन उत्तरं देतात. एक पान पुरतं. पैशांचे व्यवहार स्वतः बघायचे का, गोळ्या स्वतःच्या स्वतः घ्यायचे का, नावं विसरायचे का, रस्ता चुकायचे का, झोप कशी होती, ऐकायला किती यायचं, न थांबता किती चालायचे, एवढं लिहा. आधीपासून थोडा विसराळूपणा असेल तर तो भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. आधीची स्मरणाची तक्रार ही शस्त्रक्रियेनंतरच्या गोंधळाची एक मोठी पूर्वसूचना असते.

दुसरी यादी पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची. डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेलं खोकल्याचं औषध, जडीबुटी, वर्षानुवर्षं चाललेली झोपेची गोळी, आणि दारू-तंबाखूसुद्धा. रोज दारू घेणाऱ्याची दारू रुग्णालयात एकदम सुटली की दोन-चार दिवसांत थरथर, घाम, भास आणि कधी झटके येऊ शकतात. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर त्यावर उपाय करता येतो. मुलांसमोर कबूल करायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांशी एकांतात बोलू द्या. इथे अब्रूपेक्षा माहिती महत्त्वाची आहे.

पिशवीत चष्मा, श्रवणयंत्र, त्याच्या जादा बॅटऱ्या, कवळी आणि मोठ्या आकड्यांचं घड्याळ ठेवा. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही, तो आयसीयूमध्ये लवकर भांबावतो.

तपासा: शस्त्रक्रिया होऊन गेली असेल तरी ही नोंद आजच आठवून लिहा. दोघांनी वेगवेगळी लिहून ताडून पाहिली तर जास्त खरी उतरते.

## टप्पा २: आयसीयू आणि वॉर्डमध्ये भान सुटलं तर

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ज्येष्ठ रुग्णांमध्ये डिलिरियम, म्हणजे भान हरपण्याची अवस्था, बऱ्याचदा दिसते. भूल, सूज, वेदना, मोडलेली झोप, वेदनाशामक औषधं, प्राणवायू किंवा क्षारांतली गडबड अशी अनेक कारणं एकत्र येतात. त्याची दोन रूपं असतात. पहिलं सगळ्यांना दिसतं: नळ्या ओढणं, ओरडणं, भिंतीवर किडे दिसणं, ‘हे लोक मला मारायला बसलेत’ असा संशय. दुसरं शांत असतं: डोळे मिटून पडून राहणं, हाक मारली तर उशिरा ‘हं’ म्हणणं, घास तोंडात तसाच ठेवणं. घरच्यांना वाटतं, बरं झालं, विश्रांती घेतायत. हे शांत रूप जास्त निसटतं आणि तेही तितकंच गंभीर असतं.

डिलिरियम दिवसभरात चढतो-उतरतो. सकाळी डॉक्टर फेरीला येतात तेव्हा बाबा नीट उत्तरं देतात, संध्याकाळी कुणाला ओळखत नाहीत. म्हणून ‘गोंधळले होते’ एवढं सांगून भागत नाही. किती वाजता, काय केलं, किती वेळ चाललं, हे लिहून दाखवा.

पलंगाजवळ बसणाऱ्याने हे करायचं:

१. दरवेळी आपलं नाव, ठिकाण, दिवस आणि वेळ सांगून बोलायला सुरुवात करा: “आई, मी सुनीता. तू रुग्णालयात आहेस. ऑपरेशन झालंय. आता सकाळ झालीय.”
२. चष्मा आणि श्रवणयंत्र परवानगी मिळताच चढवा.
३. दिवसा उजेड, रात्री अंधार आणि शांतता. दिवसा जागं ठेवायला बोला, रात्री बोलू नका.
४. डॉक्टरांनी सांगितलं की लगेच बसवा, उभं करा, चालवा. पडून राहण्याने भान यायला उशीर होतो.
५. दुखतंय का, हे विचारत राहा. अंगावर काढलेल्या वेदनेनेही गोंधळ वाढतो. औषधाने फार गुंगी येत असेल तर सिस्टरना सांगा. डोस स्वतःहून नाकारू नका.

भास होत असतील तर वाद घालू नका आणि होला होही करू नका. “मला ते दिसत नाहीये बाबा, पण तुम्हाला भीती वाटतेय ते कळतंय. मी इथेच आहे,” एवढं पुरे. भेटायला आलेल्यांना एक प्रश्न आवर्जून बंद करायला सांगा: “मला ओळखलंत का?” उत्तर आलं नाही की रुग्णाला आपलं काहीतरी चुकतंय हे जाणवतं आणि भीती वाढते.

तपासा: आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणायला सांगा, जमत असतील तर महिने डिसेंबरपासून उलटे. आधी सहज जमणारी ही गोष्ट आता मध्येच तुटत असेल तर लक्ष टिकत नाहीये. परीक्षेचा आव न आणता, दिवसातून एकदाच विचारा आणि निकाल सिस्टरना सांगा.

इशारा: तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं किंवा शब्दच न सुचणं, एका बाजूचं न दिसणं ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर हा धोका असतो. ‘भूल अजून उतरली नसेल’ म्हणून थांबू नका, त्याच क्षणी सांगा.

## टप्पा ३: डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांचा हिशेब

घरी आल्यावर होणारे अनेक घोळ रुग्णालयाच्या दारातच सुरू झालेले असतात. कागदावर तीन रकाने आखा: चालू ठेवायच्या जुन्या गोळ्या, बंद करायच्या जुन्या गोळ्या, नव्या गोळ्या. प्रत्येकीसमोर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहा. घरच्या डब्यातली रक्तदाबाची जुनी गोळी आणि डिस्चार्ज कार्डावरची नवी गोळी कधी कधी एकच औषध असते, फक्त वेष्टन वेगळं. दोन्ही घेतल्या तर रक्तदाब कोसळतो, चक्कर येते, आणि घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झालाय.

निघण्याआधी हे विचाराच:

- झोपेची, वेदनेची आणि चिंतेची गोळी कोणत्या तारखेला थांबवायची?
- रक्त पातळ करणारी गोळी वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) कधी तपासायचा आणि तो किती असायला हवा?
- हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) पुन्हा कधी बघायचं?
- भूक कमी असताना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन तेवढंच द्यायचं का?
- रात्री दोन वाजता गरज पडली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

मधुमेहाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे तोंडाला चव नसते, खाणं निम्म्यावर येतं. औषध मात्र पूर्वीच्या मापाने चालू राहतं. मग साखर उतरते आणि गोंधळ, घाम, चिडचिड सुरू होते.

इशारा: सर्दी-खोकल्याची, खाज थांबवणारी आणि झोप आणणारी औषधं दुकानातून परस्पर आणू नका. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारख्या औषधांनी ज्येष्ठांचं भान बिघडतं, लघवी अडते. अल्प्राझोलामसारख्या चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी गोंधळ आणि पडण्याचा धोका वाढतो. पण जी गोळी वर्षानुवर्षं चालू आहे ती एकदम तोडूही नका. ती डॉक्टर हळूहळू उतरवतात.

## टप्पा ४: घरातले पहिले दोन-तीन आठवडे

या काळात मेंदूसाठी वेगळं काही करायची गरज नसते. शरीर ताळ्यावर आलं की भान बरंचसं मागोमाग येतं. रोज सकाळी, एकाच वेळी, एका वहीत लिहा: वजन, ताप, रक्तदाब, नाडी, मधुमेह असेल तर साखर, शौचाला झालं का, रात्री किती झोप लागली, आणि एका वाक्यात ‘आज डोकं कसं होतं’. हे शेवटचं वाक्य दोन महिन्यांनी सोन्याच्या मोलाचं ठरतं.

रक्तदाब आठवड्यातून एक-दोनदा झोपलेलं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा घ्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. ‘उठल्यावर भांबावतात’ या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच सापडतं.

छातीचं हाड मधोमध कापून शस्त्रक्रिया झाली असेल तर ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि भक्कम व्हायला तीन महिन्यांपर्यंत. हातांवर जोर देऊन उठायचं नाही, काही ढकलायचं-ओढायचं नाही, दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. शल्यविशारदांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. ज्याला सूचना लक्षात राहत नाहीत त्याला हे दहादा सांगून उपयोग होत नाही. पलंगासमोर मोठ्या अक्षरांत दोन ओळी लावा: ‘हातावर जोर नाही. खोकताना उशी.’ उचलण्यासाठी घरच्यांनीही काखेत हात घालून ओढायचं नाही.

झोप उलटी झालेली असते. सकाळी ठरलेल्या वेळी उठवा, उजेडात बसवा, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणा. लघवीची गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर ती सकाळी देता येईल का, हे विचारा. रात्री चारदा उठणारं माणूस दुसऱ्या दिवशी ताळ्यावर कसं राहील? चौकशीला येणाऱ्यांना एका वेळी एक-दोघांनीच, वीस मिनिटांपुरतं या, असं स्पष्ट सांगा. पाच जण एकदम बोलायला लागले की त्यांना काहीच धरता येत नाही.

त्याच दिवशी फोन करा: ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर ताप, जखमेतून स्राव, छातीच्या हाडात कटकट आवाज किंवा हालचाल, एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन-अडीच किलो वजनवाढ, आडवं झाल्यावर लागणारा दम, अनियमित किंवा फार जलद नाडी, काळं शौच, एका पोटरीला नव्याने आलेली सूज.

## टप्पा ५: भान अचानक बिघडलं तर हाच क्रम

घाबरलेल्या घरात सगळे एकदम सगळं करतात आणि महत्त्वाचं राहून जातं. हा क्रम छापून भिंतीवर लावा.

१. पक्षाघाताची खूण, छातीत दुखणं, दम, बेशुद्धी? रुग्णवाहिका बोलवा. बाकी काही तपासत बसू नका. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. उपचार त्या वेळेवर ठरतात.
२. साखर. मधुमेह असेल तर लगेच तपासा. ७०च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर साखर-पाणी द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. नीट शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका.
३. ताप, नाडी, रक्तदाब, प्राणवायू. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूची पातळी ९२ टक्क्यांच्या खाली असेल किंवा नेहमीपेक्षा बरीच उतरली असेल तर रुग्णालय गाठा. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नाडी अनियमित होणं बऱ्याच जणांत दिसतं, आणि त्यातून गुठळी होऊ शकते. ताप नसला म्हणून संसर्ग नाही असं समजू नका. वयस्कांमध्ये लघवीचा किंवा छातीचा संसर्ग कधी कधी फक्त गोंधळातून कळतो.
४. गोळ्या. डबी उघडून मोजा. आज काही दोनदा गेलं का? काही नवं सुरू झालं का? ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक, झोपेची गोळी, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध यांकडे विशेष लक्ष द्या.
५. लघवी आणि पोट. आठ-दहा तासांत लघवी झाली नाही, ओटीपोट टणक लागतंय, तीन-चार दिवस शौच नाही: एवढ्यानेही वयस्क माणूस पूर्ण भांबावतो.
६. पाणी आणि सोडियम. लघवीच्या गोळ्या चालू असताना खाणं-पिणं कमी झालं की सोडियम घसरू शकतं. हे रक्ततपासणीतच कळतं, त्यामुळे मीठ घालून घरगुती उपाय करू नका.
७. पडणं. गेल्या काही आठवड्यांत डोक्याला मार लागला होता का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या माणसाच्या मेंदूभोवती रक्तस्राव सावकाश साठू शकतो. मार किरकोळ वाटला असला तरी सांगा.

डॉक्टरांशी बोलताना आधी वेळ, मग आकडे: “बायपासला बारा दिवस झाले. काल रात्रीपर्यंत नीट होते. आज पहाटेपासून मुलाला ओळखत नाहीत. ताप नाही, नाडी अनियमित, साखर ११०, काल नवी वेदनेची गोळी सुरू केली.” ‘बाबा कसंतरीच करतायत’ या वाक्याला फोनवर ‘बघू सकाळी’ असंच उत्तर मिळतं.

## टप्पा ६: चौथ्या आठवड्यापासून तीन महिने

इथून पुढे वेग मंद असतो आणि चढउतार असतात. दोन चांगल्या दिवसांनंतर एक जड दिवस येतो. त्याला घसरण समजू नका. वहीतली आठवड्या-आठवड्याची तुलना करा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात बायपासच्या रुग्णांपैकी ५३ टक्क्यांमध्ये डिस्चार्जच्या वेळी बौद्धिक घट आढळली होती. सहा आठवड्यांनी ती ३६ टक्क्यांवर आणि सहा महिन्यांनी २४ टक्क्यांवर आली. म्हणजे बरेच जण या काळात वर येतात. त्याच अभ्यासात पाच वर्षांनी हा आकडा पुन्हा ४२ टक्के झाला. पुढच्या संशोधनात शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना केल्यावर असं दिसलं की उशिरा होणाऱ्या घटीमागे रक्तवाहिन्यांचा मूळ आजार आणि वय यांचा वाटा मोठा असतो. म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सांभाळणं हे मेंदूचंच काम आहे.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्मरण जातं असं ऐकून ती परस्पर बंद करणारे बरेच असतात. तसं करू नका. बायपासमध्ये जोडलेल्या रक्तवाहिन्या खुल्या राहायला ती मदत करते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

चालणं एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा असं सुरू करा आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे; वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायामवर्ग उपलब्ध असेल तर नाव घालाच.

मेंदूच्या व्यायामासाठी कोडी हातात देण्यापेक्षा त्यांची जुनी कामं त्यांना परत द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. आठवड्याच्या गोळ्या डबीत भरणं (तुम्ही नंतर तपासा), छोटी यादी करणं, हिशेबाची बेरीज, एका नातेवाइकाला स्वतः फोन लावणं. एका वेळी एकच काम, टीव्ही बंद. शब्द अडला तर लगेच पुरवू नका, थोडा वेळ थांबा. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्याला ‘हल्ली त्यांना काही कळत नाही’ असं कधीही म्हणू नका. त्यांना ते कळतं.

रुग्णालयातले भास अनेकांना आठवतात आणि त्यांची लाज वाटते. एकदा शांतपणे सांगा की तो शरीराच्या आजाराचा भाग होता, अनेकांना होतो, आणि त्यात वेड लागण्यासारखं काही नव्हतं.

तपासा: दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, कशातच रस नसणं, जेवणाकडे पाठ, ‘मी कशाला वाचलो’ अशी वाक्यं. बायपासनंतर पाचांतल्या एकाच्या आसपास रुग्णांना नैराश्य गाठतं, आणि ज्येष्ठांमध्ये ते विसराळूपणासारखं दिसतं. यावर उपचार आहेत. मात्र नैराश्यावरच्या काही औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं हृदयाला व स्मरणाला त्रासदायक ठरू शकतात, म्हणून हृदयाच्या गोळ्यांची पूर्ण यादी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जीव देण्याची भाषा आली तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि तोवर एकटं ठेवू नका.

## टप्पा ७: सही, पैसे आणि गाडी

पहिले तीन महिने मोठे निर्णय शक्यतो पुढे ढकला: मालमत्तेचे कागद, मोठी गुंतवणूक, घर बदलणं. फोनवरून फसवणाऱ्यांचा धोका या काळात जास्त असतो, म्हणून ठरावीक रकमेवरच्या व्यवहाराला दोघांची संमती असा नियम घरात करा आणि तो त्यांच्याशी बोलूनच करा. पाठीमागे खाती हातात घेतली की विश्वास तुटतो, आणि मग औषधंही नाकारली जातात.

गाडीचा प्रश्न दोन वेळा सोडवायचा असतो. छातीचं हाड जुळलं म्हणून शल्यविशारद साधारण सहा आठवड्यांनंतर परवानगी देतील. पण लक्ष, प्रतिसादाचा वेग आणि रस्त्याची आठवण हे वेगळं तपासावं लागतं. आधी शेजारी बसून रस्ता सांगायला लावा. त्यात चुकत असतील तर चाकामागे बसवू नका.

## टप्पा ८: तीन महिन्यांनंतरही अडत असेल तर

तीन महिन्यांनी रोजची कामं अडत असतील, किंवा सुधारणा होत होती आणि आता उलटी गाडी सुरू झाली असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञांची वेळ घ्या. त्याआधी बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम, साखर या तपासण्या करून घेतल्या तर एक फेरी वाचते. अमिओडॅरोन (नाडी नियमित ठेवणारी गोळी) चालू असेल तर थायरॉइड नक्की बघा. श्रवण आणि दृष्टीही तपासा. झोपेत घोरणं आणि श्वास अडणं होत असेल तर तेही सांगा, कारण त्याने दिवसाचं लक्ष आणि नाडी दोन्ही बिघडतात.

सोबत टप्पा १ची नोंद, वही, डिस्चार्ज कार्ड आणि सगळ्या गोळ्यांची मूळ वेष्टनं न्या. तिथे तीस गुणांची एक छोटी चाचणी घेतली जाते: घड्याळ काढणं, शब्द लक्षात ठेवणं, वजाबाकी. ती सकाळच्या ताज्या वेळी, चष्मा-श्रवणयंत्र लावून, त्यांच्या सवयीच्या भाषेत व्हावी अशी विनंती करा, आणि शिक्षण किती झालंय ते आधीच सांगा, कारण गुण त्यानुसार वाचावे लागतात. चाचणी चालू असताना शेजारी बसून उत्तरं सुचवू नका. शक्य असेल तर बाहेर थांबा.